जेवणापर्यंतचा फ्रॉक

१९५२ साली बटरिक या अमेरिकन कंपनीने ६०१५ क्रमांकाचा एक कागदी नमुना बाजारात आणला आणि बायकांना सांगितलं, की न्याहारी उरकून शिवायला बसा आणि दुपारच्या जेवणाला तोच फ्रॉक घालून घराबाहेर पडा. म्हणून त्याचं नाव पडलं ‘वॉकअवे ड्रेस’. तो एवढा खपला, की मागणी पुरी करताना कंपनीला म्हणे बाकीचे नमुने बाजूला सारावे लागले. जाहिरातीला भुलण्यात बायका जगभर सारख्याच, असं यावर नवरा म्हणाला. हे म्हणताना त्याच्या पोटावर, आठवडाभरात पोट आत नेणारा पट्टा होता.

जुन्या घाटाचे कपडे घरी शिवायचा मला नाद आहे. नवे कपडे विकत मिळतात, जुन्या घाटाचे मिळत नाहीत, असं मी लोकांना कारण सांगते. खरं कारण असं, की त्या काळच्या कपड्यांत कंबर कुठे आहे ते पक्कं ठरलेलं असायचं. हल्लीच्या कुर्त्यांनी ती जबाबदारी ज्याच्या-त्याच्यावर सोडून दिली आहे.

झंपर, फुग्यांच्या बाह्यांची पोलकी, पाठीला बंद असलेले ब्लाउज इथपर्यंत घरच्यांची काही हरकत नव्हती. प्रश्न उभा राहिला तो फ्रॉकमुळे. आपल्याकडे फ्रॉक म्हणजे कपडा कमी आणि वय जास्त. तिसरी-चौथीपर्यंत फ्रॉक, मग परकर-पोलकं, मग साडी, मध्ये हल्ली जीन्स घुसली आहे, आणि सगळ्याच्या शेवटी गाऊन. या रस्त्यावर एकदा पुढे गेलं की मागे वळता येत नाही. लक्ष्मी रोडच्या दुकानात मी ठिपक्याठिपक्यांचं पॉपलिन निवडलं, तेव्हा काउंटरवरच्या काकांनी विचारलं, “ताई, कशासाठी हवंय?”

“फ्रॉक शिवायचाय.”

“अरे वा! मुलगी केवढी आहे?”

मी उत्तर दिलं नाही. नुसतं पाच मीटर कापायला सांगितलं. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं, मुकाट्याने कापड मोजलं आणि मुलीला आशीर्वाद म्हणून वर चार बोटं जास्त सोडलं.

या नादात मला ओढलं ते फोनवरच्या शिवणमैत्रिणींनी. कुणी नाशिकची, कुणी बेळगावची, कुणी बडोद्याची, एक थेट लेस्टरला. एकमेकींना आम्ही फारशा भेटलेल्या नाही, पण एकमेकींचे मुंढे, गळे आणि काखेतले झोल तोंडपाठ आहेत. आमच्यात कुणी कुणाला वाईट म्हणत नाही. ‘रंग सुंदर आहे’ म्हणजे शिवण फसली. ‘कापड कुठून घेतलंस?’ म्हणजे एवढं चांगलं कापड वाया घालवलंस. आणि ‘मेहनत दिसतेय’ असं आलं, की मुकाट्याने उसवायला बसायचं. एरवी अशा गोडीगुलाबीने राहणाऱ्या या बायका काजाचा विषय निघाला की मात्र एकमेकींच्या जिवावर उठतात. काज आधी कापून मग भरायचं की आधी भरून मग कापायचं, यावरून बडोदा आणि बेळगाव यांच्यात गेल्या दिवाळीपासून बोलणं नाही.

लेस्टरवालीने तिकडच्या जुन्या बाजारातून मला तो ६०१५ क्रमांकाचा नमुना धाडला. पाकिटावर मुठीएवढ्या कमरेची एक बाई, हातात मोजे, मान किंचित वळलेली, आणि चेहऱ्यावर गॅस बंद करून आल्याची शंभर टक्के खात्री. एवढ्यावरूनच ही बाई खरी नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मापातल्या कागदी नमुन्यांचा हा धंदा १८६३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये इबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने सुरू केला. त्याआधी नमुना मिळाला तरी एकाच मापाचा मिळे, आणि तो आपल्या अंगाला कसा आणायचा हे ज्याने त्याने बघायचं. पुढे कितीतरी वर्षं या पातळ कागदांवर काही छापलेलंही नसे. नुसती भोकं. मोठं भोक म्हणजे एक अर्थ, लहान भोक म्हणजे दुसरा, तीन भोकं ओळीने आली तर तिसराच. माझ्याकडे चाळीसच्या दशकातला असा एक नमुना आहे. तो उलगडून ठेवला होता तर आमच्या कामवाल्या मावशी हळहळून म्हणाल्या, “वहिनी, कसर लागली हो!”

मापांची गंमत आणखीच वेगळी. त्या काळच्या पाकिटावर ३६ इंच छातीला १८ नंबर लिहिलेला असतो आणि ३२ इंचाला १४. आजच्या दुकानात हे आकडे बाईला एवढ्या उघडपणे सांगायची कुणाची छाती नाही. १९३९-४० मध्ये अमेरिकन सरकारने बायकांची मापं एकदाची नीट घ्यायची ठरवली आणि हे काम दिलं कृषी खात्याकडे. हो, कृषी खात्याकडेच. गृहविज्ञानाचा विभाग त्याच खात्यात होता. जवळपास १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली गेली, आणि निष्कर्ष काढताना फक्त गोऱ्या बायकांची धरली. मनगट, पोटरी, मान, खांदा, बसल्यावर, उभं राहिल्यावर, सगळं मोजून झालं. एवढं करूनही तयार कपडे कुणाला नीट बसले नाहीत ते नाहीतच.

आपल्याकडे हा सगळा प्रकल्प एका वस्तूवर भागतो. मापाचा ब्लाउज. शिंप्यापुढे तो टाकायचा आणि म्हणायचं, “यापेक्षा थोडा सैल.” शिंपी त्याची घडी घालून खिडकीतल्या ढिगावर फेकतो, कागदावर काही लिहीत नाही, आणि तरीही पंधरा दिवसांनी, म्हणजे त्याने सांगितलेल्या तारखेनंतर पंधरा दिवसांनी, जे हातात येतं ते अंगात जातं. आत दोन बोटं माया ठेवलेली असते. पुढच्या पाच वर्षांत तुमचं काय होणार आहे हे त्याला माहीत असतं आणि सभ्यपणामुळे तो बोलत नाही.

आईचं म्हणणं नेमकं हेच होतं. ती कोल्हापूरची, शिवणाचा रीतसर डिप्लोमा केलेली, आणि तिच्या मते कागदावरून कापड कापणं म्हणजे चिठ्ठी वाचून देवाला नमस्कार करणं. “बाईला बघायचं आणि बेतायचं,” एवढंच तिचं शास्त्र. तरी मी आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना करून बघायचं ठरवलं. तो अंगावर चढवून मी बाहेर आले तेव्हा आई शेंगा सोलत होती.

“एप्रन छान झालाय,” ती म्हणाली.

“आई, हा फ्रॉक आहे.”

“मग बाजू कुठेत त्याच्या?”

त्याला बाजू नाहीत हीच त्याची खुबी. डोक्यातून घालायचा. पुढचा अरुंद भाग कमरेवरून मागे नेऊन पाठीशी अडकवायचा, आणि मागचा मोठा गोल घेर दोन्हीकडून पुढे आणून पोटावर बटण लावायचं. मी हे सगळं करून दाखवलं. आईने शेंग सोलता सोलता विचारलं, “एवढं गुंडाळून घ्यायचं, कापड लागलं पाच मीटर. मग साडीच का नाही नेसलीस?”

या प्रश्नाला बटरिक कंपनीकडेही उत्तर असेल असं वाटत नाही.

मशीनही आईचंच. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं पायमशीन, फक्त सरळ टीप मारणारं. बॉबिन भरताना ते अशी काही घरघर करतं, की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकतो. शिवणयंत्राबद्दल गांधीजींनाही फार ममत्व होतं. १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त यंत्रांवरची त्यांची एक चर्चा आली, त्यात त्यांनी सिंगरच्या यंत्राला चक्क अपवाद ठरवलं. कारण काय, तर बायको हाताने शिवून शिवून दमते हे त्याला बघवेना, त्या प्रेमापोटी त्याने यंत्र काढलं. महात्माजींच्या कानावर आयझॅक सिंगरचं चरित्र आलेलं दिसत नाही. १८५१ मध्ये यंत्राचं पेटंट घेणाऱ्या या गृहस्थाचे पुढे न्यूयॉर्कमध्ये एकाच वेळी अनेक संसार चालू होते, मुलांचा आकडा दोन अंकी होता, आणि त्या बायकांपैकी तिघींचं नाव मेरी. त्याला शिवणयंत्राची गरज होती यात शंका नाही. एवढ्या लेकरांचे कपडे हातावर कोण शिवणार?

फ्रॉकच्या बाबतीत खरा शब्द ऐकावा तो आमच्या तळमजल्यावरच्या आंटींचा. त्या मूळच्या गोव्याच्या, मग वांद्र्याच्या, आणि मुलीसाठी पुण्याला आलेल्या. आपल्या पेठांमध्ये फ्रॉक मुलींपुरताच राहिला असेल, पण गोव्यात, वांद्र्यात, गिरगावच्या खोताच्या वाडीत तो आज्याही घालत आल्या आहेत आणि घरच्या घरी शिवतही आल्या आहेत. आंटींनी पाकिटावरची बाई नाकाजवळ धरून पाहिली. “ह्याच्या आत गर्डल पाहिजे,” त्या म्हणाल्या. “आणि घेराच्या आत कॅनकॅन. नाहीतर हा पडद्यासारखा पडणार.” मग न्याहारी-जेवणाची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “न्याहारी कुठल्या दिवसाची, ते लिहिलंय काय त्यांनी?”

आंटींचं बरोबर होतं. या कंबरेचं मूळ पॅरिसात आहे. फेब्रुवारी १९४७ मध्ये ख्रिस्तियाँ दिओरने आवळलेली कंबर आणि वारच्या वार कापडाचा घेर लोकांपुढे आणला. इंग्लंडमध्ये तेव्हा कपडे कूपनवर मिळत होते, ते १९४९ पर्यंत. एका स्कर्टमध्ये एवढं कापड म्हटल्यावर तिथल्या कित्येक बायका भडकल्या, आणि बाकीच्यांनी पडदे काढून शिवायला घेतले. आपल्याकडे आजी शेवटपर्यंत ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द असा काही उच्चारायची, की ऐकणाऱ्याच्या अंगाला ते जाडंभरडं टोचावं. अशा दिवसांनंतर बायकांना पाच-पाच मीटरची भूक लागली असेल तर मी त्यांना बोल लावणार नाही. मला राग आहे तो ‘न्याहारी ते जेवण’ या हिशेबाचा. त्या हिशेबात न्याहारी कुणी केली, भांडी कुणी घासली आणि जेवण कुणी रांधलं, याचा पत्ताच नाही. शिवणारी बाई खुर्चीत बसली की घर आपोआप चालतं, असं ज्याला वाटतं त्याने कधी घरी मशीन चालवलेलं नसतं. मी टीप मारायला बसले आणि पहिल्या अर्ध्या तासात गॅसवाला, सासूबाईंचा फोन आणि ‘अगं, माझं ते कुठे आहे?’ हे सगळं येऊन गेलं. ‘ते’ म्हणजे काय हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

आणि मुख्य म्हणजे उरेब पट्टी. पाकिटावर हे बारीक अक्षरात असतं. या फ्रॉकला बाजूच्या शिवणी नाहीत, तेव्हा सगळ्या मोकळ्या कडांना पट्टी लावायची: गळ्याला, मुंढ्यांना, पुढच्या भागाला आणि त्या अफाट घेराला. दहा मीटरच्या वर पट्टी. तुळशीबागेत तयार मिळते, पण आई असताना तयार पट्टी घरात येणं अशक्य. तिने कापडाचा कोपरा तिरका दुमडला, दुमडीवर नखाने रेघ ओढली, त्या रेघेला समांतर खडूच्या रेघा मारल्या आणि कात्री चालवली. मग पट्ट्यांची टोकं काटकोनात एकमेकींवर ठेवून टीप, टीप उघडून इस्त्री, दोन्ही कडा आत मोडून पुन्हा इस्त्री. वळणावर पट्टी लावताना ती डाव्या अंगठ्याने पट्टी किंचित ओढून धरते आणि घेराचं कापड मात्र सैल सोडते. ओढ कमी झाली तर कड फुगते, जास्त झाली तर घेर गोळा होतो. ती ओढ किती, हे मी विचारलं. “हाताला कळते,” आई म्हणाली. हाच तिच्या डिप्लोम्याचा अभ्यासक्रम असावा.

पट्टी लावायच्या आधीचा एक टप्पा तर बटरिक कंपनीने शिताफीने टाळलेला आहे. गोल घेराचं कापड काही ठिकाणी उभ्या धाग्यावर येतं आणि काही ठिकाणी तिरक्या. तिरका भाग स्वतःच्या वजनाने ओघळतो. म्हणून घेर निदान रात्रभर टांगून ठेवायचा, ओघळायचा तेवढा ओघळू द्यायचा, आणि मग खालची कड सारखी करायची. म्हणजे जेवण दुसऱ्या दिवशीचं हे इथेच ठरलं. आम्ही तो हॉलमधल्या पडद्याच्या दांडीला टांगला. रात्री पाणी प्यायला उठलेल्या नवऱ्याने अंधारात पंख्याच्या वाऱ्यावर डोलणारी, डोकं नसलेली, ठिपक्यांची बाई पाहिली. त्यानंतर काही दिवस तो बाटली उशाशी घेऊन झोपत असे.

दरम्यान ‘पन्नाशीत फ्रॉक’ या मुद्द्यावर आईचा विरोध मावळला होता, आणि तो माझ्या कुठल्याही युक्तिवादाने नव्हे. लेस्टरवालीने फोनवर भानू अथैयांचा विषय काढला. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या, भारताच्या पहिल्या ऑस्कर विजेत्या भानूताई कोल्हापूरच्या. आई एकदम ताठ बसली. ‘वक्त’मध्ये साधनाचे अंगासरशी कुर्ते त्यांचे, आणि ते बघून कोल्हापुरात कुणी कुणी तसे शिवायला टाकले, कुणाला त्यात बसता येईना, कुणाचा एस.टी.त चढताना उसवला, याची यादी आईने नावानिशी दिली. “आणि ‘ब्रह्मचारी’त मुमताजची साडी त्यांनी आयती शिवून, चेन लावून दिली होती,” ती म्हणाली. “साडीला चेन चालते तर तुझ्या फ्रॉकला काय धाड भरलीय?” कोल्हापूरची संमती मिळाल्यावर मग कामाला वेग आला.

फ्रॉक बाहेर पडला तो भाचीच्या केळवणाला. स्कूटरवर बसायचं म्हणजे घेर मांडीखाली कोंबावा लागतो, आणि कोंबला तरी कर्वे रस्त्यावरचा वारा आपलं काम करतोच. बाजू नसलेला कपडा वाऱ्यात दोन्हीकडून उघडतो, ही गोष्ट पाकिटावरच्या बाईला सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. ती सतत स्थिर उभी आहे. मी आतून पूर्ण लांबीचा परकर घातला होता, म्हणून कर्वे रस्त्याची अब्रू राहिली.

दारातच एका चुलतसासूने स्वागत केलं, “अय्या, गाऊनवर आलीस? घाईत होतीस का?” बाकीच्या बायकांनी मात्र मला हॉलच्या मध्यभागी उभं केलं आणि फिरवलं. शिवणाऱ्या बायका बाहेरून कपडा बघतच नाहीत. त्यांनी कड उलटी केली, आतली टीप पाहिली, पट्टीवरून बोट फिरवलं, जोड कुठे आलाय ते शोधलं. आत्याबाईंना जोड सापडला नाही. त्यांनी चष्मा बदलून पुन्हा शोधला. माझ्या आईने हे सगळं सोफ्यावरून पाहिलं आणि कौतुक कानावर पडलं नाही असं दाखवण्यासाठी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सुरुवात केली.

मग पानं मांडली गेली. आळूची भाजी, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. भाचीच्या आजीने आग्रहात कधी हार मानलेली नाही. दुसऱ्या जिलबीला पाठीशी अडकवलेलं चापबटण टक्कन सुटलं. चौथीला पोटावरचं बटण मी स्वतः सोडलं आणि घेर सावरून धरला. पन्नास वर्षांच्या बाईला भरल्या पानावर दोन्ही हात गुंतवणारा कपडा चालत नाही. डाव्या हाताने फ्रॉक आणि उजव्या हाताने मठ्ठा, असं करून मी जेवण पुरं केलं.

तरीही आत्याबाईंना तो आवडला होता. आठवडाभराने त्यांच्याकडून कुरिअर आलं. आत जांभळ्या रंगाचा मापाचा ब्लाउज, सहा मीटर कॉटन आणि चिठ्ठी. ‘हा ब्लाउज लेकीच्या लग्नातला आहे, त्या मानाने दोन बोटं सैल ठेव. बाहेर घालायला नको, घरातच घालीन, म्हणजे गाऊनच, पण घेराचा. खिसा पाहिजे. पाठीला बटणं नकोत, माझा हात पोचत नाही.’

आईने चिठ्ठी दोनदा वाचली, ब्लाउज उलटा करून आतली माया बोटाने मोजली, आणि खडू हातात घेत म्हणाली, “दोन नाही, चार बोटं ठेव. मी तिच्या शेजारच्या पानावर होते.”